मोबाइलवरची वर्गणी आणि तिचा कायदा

(मित्रमंडळाच्या वार्षिक सभेत, बँकेतून निवृत्त झालेल्या आणि संस्थेचे हिशोब पाहणाऱ्या आपल्या एका भगिनींनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या कमिटीत एक प्रस्ताव अडकला. तो सोडवायला आज मला उभं केलं आहे. बँकेत असतानाही अडकलेली फाइल फिरून फिरून माझ्याच टेबलावर यायची, त्यामुळे सवय आहे. प्रस्ताव असा, की सातपुड्यातल्या आपल्या मुलींच्या वसतिगृहाचं छप्पर बदलायला आणि सिकलसेलच्या रुग्णांच्या कामाला लागणारा पैसा आपण क्राउडफंडिंगनं, म्हणजे मोबाइलवरच्या लोकवर्गणीनं, उभा करावा. एका मंचाकडे चौकशीही झाली. तिथल्या प्रतिनिधीनं फोनवर विचारलं, "एखाद्या मुलीचा जवळून काढलेला फोटो आहे का? डोळ्यांत पाणी असेल तर उत्तम." या एका वाक्यावर तासभर चर्चा झाली आणि विषय तुमच्यापुढे ठेवायचं ठरलं.

तुम्ही मत देण्याआधी हा व्यवहार आपल्या देशात कसा वाढला आणि कायदा त्यात कोणाला सांभाळतो, हे सांगायचं काम माझं. आकडे येतील, पण बँकेच्या भाषेत बोलणार नाही.

वर्गणी आपल्याला नवी नाही. कापणीच्या सणाला दहा रुपयांचा भोपळा लिलावात शंभराला घेणारे आपणच. महाराष्ट्रात अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत पैसा फंड उभा केला, लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिलं आणि त्या पैशांतून १९०८ साली तळेगाव दाभाड्याला काचेचा कारखाना सुरू झाला. १९७६ साली गुजरातच्या पाच लाख दूधउत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि श्याम बेनेगल यांचा 'मंथन' हा सिनेमा तयार झाला.

पण माझ्या मनात घर करून आहे ते पंडिता रमाबाईंचं उदाहरण. डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टनला 'रमाबाई असोसिएशन' स्थापन झाली. अमेरिकेत गावोगाव 'रमाबाई सर्कल' नावाची मंडळं निघाली. त्यांतल्या सभासदांनी एकदाच मोठी रक्कम देऊन हात झटकले नाहीत. दर वर्षी थोडं थोडं, असं दहा वर्षं देण्याचं वचन त्यांनी दिलं. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं. ही दहा वर्षांची गोष्ट ध्यानात ठेवा, मी पुन्हा तिच्याकडे येणार आहे.

आता मोबाइलकडे वळू. आपल्याकडचे ठळक मंच २०१० नंतरचे. मिलाप २०१० मध्ये बंगळुरूला सुरू झाला, तोही आधी गरिबांना छोटी कर्जं मिळवून देण्यासाठी. केटो २०१२ चा, इम्पॅक्टगुरू २०१४ चा. २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि शंभर रुपये पाठवणं चहाचे पैसे देण्याइतकं सोपं झालं. पुढे करोनाच्या दोन वर्षांत व्हॉट्सॲपच्या प्रत्येक गटात कोणाच्या ना कोणाच्या ऑक्सिजनचं, आयसीयूचं आवाहन फिरू लागलं. तेव्हापासून आपल्या देशात क्राउडफंडिंग म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे दवाखान्याचं बिलच येतं.

असं का, याचं उत्तर आपल्या अर्थव्यवस्थेत आहे. सरकारच्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ मध्ये देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी ६४.२ टक्के खर्च लोकांनी स्वतःच्या खिशातून केला. २०२१-२२ मध्ये हे प्रमाण ३९.४ टक्क्यांवर आलं. सुधारणा मोठी आहे, नाकारायची नाही. तरीही शंभरातले जवळजवळ चाळीस रुपये घरातूनच जातात. घरात नसले की शेत गहाण, दागिने मोड, आणि आता मोबाइलवर मोहीम.

२०२१ साली मुंबईतल्या एका तान्ह्या बाळासाठी सोळा कोटींच्या आसपासचं औषध लागणार होतं. स्नायूंच्या दुर्मीळ आजारावरचं. आईवडिलांनी लोकांकडे हात पसरला आणि पैसे जमले. औषधावरचा आयातकर आणि जीएसटी केंद्र सरकारनं माफ केला. आपल्यातल्याही अनेकांनी तेव्हा पैसे पाठवले असतील. त्याच वर्षी केंद्राचं दुर्मीळ आजारांविषयीचं राष्ट्रीय धोरण आलं आणि त्यात सरकारनं स्वतःच अशा रुग्णांसाठी लोकवर्गणीचं डिजिटल पोर्टल चालवण्याची तरतूद केली. मला यात थोडी गंमत वाटते आणि बरीच काळजीही. ज्याच्याकडे आपण कर भरतो, तोही शेवटी आपल्याच शेजारी वर्गणीची पेटी घेऊन उभा राहिला.

आता कायदा. लोकांकडून पैसे गोळा करण्याचे ढोबळमानानं चार प्रकार आहेत. कंपनीत भाग घेण्यासाठी पैसे द्यायचे, कर्जाऊ द्यायचे, एखादी वस्तू किंवा पुस्तक पुढे मिळेल म्हणून आगाऊ द्यायचे, किंवा नुसतं दान द्यायचं. सेबीनं जून २०१४ मध्ये यावर एक चर्चापत्र काढलं. कंपनीच्या भागांच्या बाबतीत सेबी फार सावध राहिली आणि तिला तसं कारणही होतं. सहारा समूहातल्या दोन कंपन्यांनी खाजगी वाटपाच्या नावाखाली कोट्यवधी लोकांकडून रोखे विकून पैसे घेतले होते आणि ३१ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ते १५ टक्के व्याजासह परत करण्याचा आदेश दिला होता. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार खाजगी वाटप वर्षात दोनशे लोकांपुरतंच करता येतं. ऑगस्ट २०१६ मध्ये सेबीनं गुंतवणूकदारांना जाहीर इशाराही दिला, की कंपन्यांचे भाग विकणाऱ्या अशा इंटरनेट मंचांना तिची मान्यता नाही.

कर्जाच्या मंचांवर रिझर्व्ह बँकेनं ४ ऑक्टोबर २०१७ पासून नियम लावले. एका माणसानं एका कर्जदाराला पन्नास हजारांपेक्षा जास्त द्यायचे नाहीत, सगळ्या मंचांवर मिळून पन्नास लाखांपेक्षा जास्त गुंतवायचे नाहीत, मुदत जास्तीत जास्त छत्तीस महिने. तरी काही मंच 'ठरलेलं व्याज, हवं तेव्हा पैसे परत' अशी जाहिरात करू लागले, म्हणून ऑगस्ट २०२४ मध्ये नियम आणखी आवळले.

म्हणजे ज्याला आपला पैसा परत हवा आहे, त्याच्यासाठी पहारेकरी नेमलेला आहे. आता देणगीकडे या. ज्याला परत काहीच नको, फक्त पैसा ठरल्या ठिकाणी पोचावा एवढंच ज्याचं मागणं आहे, त्याच्यासाठी देशात क्राउडफंडिंगचा म्हणून स्वतंत्र कायदा नाही आणि एकच नियामकही नाही. इकडचा तुकडा, तिकडचा तुकडा जोडून काम चालतं. फसवणूक झाली तर पोलीस आहेत, पण ते घटना घडून गेल्यावर.

हे तुकडे मात्र आपल्याला नीट माहीत हवेत, कारण संस्था त्यांत अडकू शकते.

पहिला तुकडा धर्मादाय आयुक्तांचा. आपली संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायदा, १९५० खाली नोंदलेली आहे, दर वर्षी हिशोब जातात. नोंदणी नसलेल्या गणेशोत्सव मंडळालासुद्धा वर्गणीसाठी या कार्यालयाची परवानगी काढावी लागते आणि हिशोब द्यावा लागतो. गल्लीतल्या मांडवाला हा नियम, आणि मोबाइलवर लाखो रुपये गोळा करणाऱ्या अनोळखी माणसाला कोणी विचारत नाही, ही विसंगती तुमच्या लक्षात आली असेल.

दुसरा तुकडा आयकराचा. ज्याला आपण ८०-जी म्हणतो ती सवलत नोंदणीकृत संस्थेला दिलेल्या देणगीवर मिळते. कोणा रुग्णाच्या वैयक्तिक मोहिमेला दिलेल्या पैशावर मिळत नाही. रोख दिली तर दोन हजारांपर्यंतच मिळते, आणि तुम्ही नवी करप्रणाली घेतली असेल तर मिळतच नाही. सवलतीसाठी संस्थेला देणगीदारांची यादी आयकर खात्याला पाठवावी लागते. म्हणून खजिनदार तुमच्याकडे पॅन नंबर मागतात. त्यांच्यावर चिडू नका.

आणि एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात पन्नास हजारांपेक्षा जास्त रक्कम एखाद्याला बिनमोबदला मिळाली, तर ती त्याच्या उत्पन्नात धरली जाते. करोनाच्या उपचारांसाठी मिळालेल्या मदतीला २०२२ मध्ये सूट दिली. तशी सूट इतर आजारांच्या लोकवर्गणीला सरसकट नाही. म्हणून पैसे रुग्णाच्या खात्यात न घेता थेट दवाखान्याला देणं केव्हाही सुरक्षित. देणाऱ्यालाही आणि घेणाऱ्यालाही.

तिसरा तुकडा परदेशी देणगीचा, आणि इथे आपल्या मंडळींचा गोंधळ होतो. दुबईत नोकरीला असलेला भाचा भारतीय पासपोर्टवर असेल आणि बँकेतून रीतसर पैसे पाठवत असेल, तर ती परदेशी देणगी ठरत नाही. पण कॅनडाचं नागरिकत्व घेतलेल्या तुमच्या बहिणीनं शंभर रुपये दिले, अगदी इथे सुट्टीवर येऊन रुपयांत दिले, तरी ती परदेशी देणगी ठरते आणि एफसीआरए नोंदणीशिवाय आपल्याला ती घेता येत नाही. मोबाइलवरच्या मोहिमेत जगातून कोणीही पैसे टाकू शकतो. म्हणून मंचावर भारतीय देणगीदारांपुरतीच दारं उघडी आहेत, याची लेखी खात्री करूनच पुढे जायचं. २०२० च्या दुरुस्तीनंतर हे नियम फार कडक झाले आहेत. चूक अजाणता झाली, असं म्हणून सुटका होत नाही.

सामाजिक संस्थांसाठी सोशल स्टॉक एक्स्चेंजही निघालं आहे. २०१९ च्या अर्थसंकल्पात घोषणा झाली, २०२२ मध्ये सेबीचे नियम आले. तिथे देणगीदाराला व्याज किंवा मुद्दल काहीच परत मिळत नाही, पण कामाचा अहवाल मिळतो. कल्पना मला आवडली. आपल्या छपरापुरतं मात्र ते घोंगडं फार मोठं आहे.

आता त्या फोटोकडे येते. जाहिरातींवर स्वयंनियमन करणारी जी ॲस्की नावाची परिषद आहे, तिनं २०२३ मध्ये धर्मादाय कामांच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. लाभार्थ्याच्या प्रतिष्ठेला धक्का लागू नये, विदारक दृश्यं दाखवून बघणाऱ्याला घाबरवू नये, मदत न करणाऱ्याला अपराधी ठरवू नये, मंच किती शुल्क घेतो ते उघड सांगावं, असा त्यांचा रोख आहे. पण ही परिषद म्हणजे कायदा नव्हे. बाल न्याय कायद्यात काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख प्रसिद्ध करायला मनाई आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायला पालकांची पडताळून पाहता येईल अशी संमती मागितली आहे. आता सांगा, धडगावच्या पाड्यावरच्या आईला पावरी सोडून दुसरी भाषा येत नाही, तिनं मराठी कागदावर अंगठा दिला, तर ती संमती झाली का? मी बँकेत असे अंगठे आयुष्यभर पाहिले. अंगठा मिळतो, संमती मिळतेच असं नाही. शिवाय मोहीम महिन्यात संपते, फोटो संपत नाही. ती मुलगी उद्या नर्स होईल, लग्न करेल, आणि तिचं नाव शोधणाऱ्याला तिचे रडके डोळे सापडतील.

कायदा या मुलीपर्यंत पोचेपर्यंत फार पातळ होतो, असं माझं स्पष्ट मत आहे. गुंतवणूकदाराला सेबी आहे, कर्ज देणाऱ्याला रिझर्व्ह बँक आहे. देणगीदाराला निदान पावती तरी आहे. जिच्या चेहऱ्यावर पैसा गोळा होतो, तिच्यासाठी संस्थाच आहे, म्हणजे आपण.

आणखी एक अडचण आहे, ती कायद्याची नाही, या साधनाचीच आहे. या मंचाला एक चेहरा लागतो, एक आकडा लागतो आणि एक तारीख लागते. 'या बाळाला अमुक तारखेच्या आत इतके लाख.' सिकलसेलला यातलं काही नाही. तो आजार जन्मापासून मरणापर्यंत सोबत असतो. महिन्याच्या गोळ्या, वेळच्या वेळी रक्ततपासणी, पाणी, आहार, दुखणं उठलं तर रात्री गाडी, आणि लग्नाआधी दोन घरांना समजावून सांगणं. सरकारनं १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं. १७ राज्यांतल्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा आजार हटवायचा, असं त्याचं उद्दिष्ट आहे. सरकारनंच २०४७ म्हटलं तिथे आपण महिनाभराची मोहीम काढून काय साधणार?

आणि वर्गणी ओळखीच्या वाटेनं चालते. ज्याचा मेहुणा आयटी कंपनीत आहे, ज्याच्या कॉलेजचा व्हॉट्सॲप गट आहे, त्याची मोहीम पहिल्या दिवशी धावते. अक्कलकुव्याच्या डोंगरात जिथे फोनला रेंजच नाही, तिथल्या रुग्णाची मोहीम पुढे कोण पाठवणार? गरज आणि पोच या दोन गोष्टी बहुधा उलट्या दिशेला असतात.

त्यामुळे रुग्ण आला की आधी मोबाइल काढायचा नाही, आधी कागद काढायचे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार बसतात का ते पाहायचं. शहरात न्यायचं झालं तर धर्मादाय रुग्णालयाची चौकशी करायची. अशा रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात, मुंबई उच्च न्यायालयानं ठरवून दिलेली ती योजना आहे. रिकाम्या खाटा असताना दारात उभ्या रुग्णाला वर्गणी गोळा करून पूर्ण बिल भरायला लावणं म्हणजे त्याचा हक्क आपणच विकत घेऊन त्याला भेट देण्यासारखं आहे. यासाठी पैसा कमी लागतो, पण तालुक्याला आणि नाशिकला खेटे घालणारा माणूस लागतो. तो पगारी माणूस ठेवायला मात्र कोणी मोहीम काढत नाही.

आता माझं म्हणणं. छपरासाठी मोहीम काढावी. छपराला एक आकडा आहे, पावसाळ्याच्या आधीची तारीख आहे, आणि फोटो छपराचाच टाकता येतो. गळकं छप्पर लाजत नाही. पैसे संस्थेच्या खात्यातच यावेत, कोणाच्या वैयक्तिक यूपीआयवर नकोत. मंचाचं शुल्क किती ते आवाहनातच लिहावं. 'टिप' म्हणून बऱ्याचदा आधीच आकडा भरलेला असतो, तो शून्य करता येतो, हे देणगीदारांना सांगावं. जास्त जमले तर त्याचं काय करणार आणि कमी पडले तर काय, हे आधीच जाहीर करावं. बहुतेक भांडणं पैसा कमी पडल्यावर होत नाहीत, उरल्यावर होतात.

सिकलसेलसाठी मोहीम नको. तिथे रमाबाई सर्कलची रीत घ्यावी. शंभर घरं, दर महिन्याला ठरलेली रक्कम, निदान पाच वर्षं. यात कोणाचा फोटो लागत नाही आणि बाहेर कोणाला टक्केही द्यावे लागत नाहीत. दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेचंही नाव कुठे छापलं गेलं नाही.

पाळकसाहेबांची परवानगी घेऊन एवढंच आठवण करून देते, की यरुशलेमेतल्या गरिबांसाठी जमवलेली वर्गणी पौलानं एकट्यानं नेली नाही. करिंथकरांस दुसरं पत्र, अध्याय आठ, घरी जाऊन वाचा. तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेला भाऊ पाठवला, कोणी बोट दाखवू नये म्हणून. त्याच धर्तीवर छपराच्या खात्यावर कमिटीबाहेरच्या दोन माणसांनी दर महिन्याला नजर टाकावी. त्यांतली एक व्यक्ती वसतिगृहातल्या मुलींच्या पालकांपैकी असावी, असा माझा आग्रह आहे. हिशोब पावरीत वाचून दाखवायला आपल्या वसतिगृहाच्या दोन माजी विद्यार्थिनी तयार आहेत.

मतपत्रिका दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. दोन्ही प्रश्नांवर वेगळं मत द्यायचं आहे, एकाच खुणेत दोन्ही उरकू नका. छपराची तीन दरपत्रकं खजिनदारांकडे आहेत. ज्यांना पाहायची असतील त्यांनी चहाच्या वेळी मागून घ्यावीत आणि कृपा करून परत द्यावीत. गेल्या सभेत त्यांतलं एक समोशाच्या प्लेटीखाली सापडलं होतं.